एस-२०००च्या डॅशबोर्डमध्ये नेव्हिगेशन बसवायचंय, पण कापाकापी नको

मिरजकर_फ्रीमाँट

मंडळी, नमस्कार. इथे गाड्यांत हात काळे करणारे बरेच जण दिसतात, म्हणून विचारतो.

माझ्याकडे २००२ची होंडा एस-२००० आहे. चंदेरी, कापडी टपाची. मागची खिडकी प्लास्टिकऐवजी खऱ्या काचेची यायला लागली तेच वर्ष. तीन वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. त्यांनी गाडीला काहीही केलेलं नव्हतं. रेडिओ मूळचा, त्यावरचं झाकण मूळचं, ते झाकण बंद केलं की आत रेडिओ आहे हे कळतही नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, हा डॅशबोर्ड म्हणजे जुना व्हिडिओ गेम आहे." आकड्यांचा वेग, वर अर्धगोलात नऊ हजारांपर्यंत चढणारे आरपीएम. मला तसाच आवडतो.

आता अडचण. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटहून डंबार्टन पूल ओलांडून हायवे ८४ने निघालो. वुडसाइड, मग स्कायलाइन, मग उतरून ला होंडा. (गावाच्या नावाचा गाडीच्या कंपनीशी काही संबंध नाही, पण होंडा घेऊन ला होंडाला जाण्याची हौस माझी मीच भागवून घेतली.) फोन एसीच्या जाळीला चिमट्याने लावलेला. झाडीत रेंज गेली, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, तेवढी अक्कल होती. सॅन ग्रेगोरिओच्या अलीकडे एका उजव्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवायला क्लच दाबला, तर तो अर्ध्यातच थांबला. खाली फोन! चिमट्यातून निसटून डावीकडे माझ्या पायाशी आला होता. पायाने ढकलून बाजूला केला, पण दोन सेकंद पोटात गोळा आला तो आलाच.

सौ. शेजारी बसून नकाशा वाचायची तो काळ गेला. ती म्हणते, "त्या गाडीत बसायला नाही, झोपायला लागतं, आणि उठायला दोन माणसं लागतात." गुडघ्यांचं म्हणणं तेच आहे.

तर डॅशबोर्डमध्येच पक्कं नेव्हिगेशन बसवायचा विचार आहे. रेडिओची जागा सिंगल डिनची, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर. दुकानदार म्हणाला, "डबल डिन टाका, म्हणजे दुप्पट उंचीचा, ७ इंची पडदा येईल, थोडं कापावं लागेल." ते 'थोडं' ऐकून मी परत आलो. माझे मामा मिरजेत सतारी करायचे. भोपळा निवडून कापायच्या आधी तास तास तो नुसता फिरवून बघत बसायचे. विचारलं की म्हणायचे, कापलेला भोपळा शिवता येत नाही.

कुणी केलंय का हे?

नऊहजारी

केलंय, आणि पस्तावलोय. न्यू जर्सीत असताना २०११ साली माझ्या २००५च्या गाडीत डबल डिन टाकला. रेडिओच्या भोवतीचा प्लास्टिकचा सांगाडा कापला, झाकण काढून गॅरेजमधल्या खोक्यात टाकलं. ते खोकं घर बदलताना गेलं. कुठे गेलं, देव जाणे.

दिसायला पहिला आठवडा झकास. मग लक्षात आलं की पडदा कुठे आहे. गिअरच्या दांड्याच्या पुढे, खाली! या गाडीचे आकडे होंडाने स्टीअरिंगच्या वर नाकासमोर ठेवलेत ते उगाच नाही. ताशी ६० मैलांना गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. खाली बघून, रस्त्याचं नाव वाचून मान वर करेपर्यंत दोन सेकंद धरा. दीडशे-पावणेदोनशे फूट तुम्ही डोळे मिटून गेलात.

आणि टप उघडा टाकला की दुपारी पडद्यावर माझाच चेहरा दिसायचा. नकाशा नाहीच.

विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या पोराने बॉनेट उघडायच्या आधी रेडिओच्या फटीवरून अंगठा फिरवला. मी तिथेच समजलो. किंमत सोडावी लागली. तुमच्या मामांचं ऐका.

बापू_डेट्रॉइट

गाडी विका, एक सरळ ऑटोमॅटिक घ्या, पडदा त्यातच येतो. गुडघेही वाचतील.

वायरिंगवाली

बापूकाका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता!

मिरजकर काका, मी सनीवेलला असते, पोटापाण्यासाठी सर्किट बोर्ड करते, आणि भावाच्या गाडीत दोनदा हेड युनिट (रेडिओचा मुख्य डबा) बसवलंय. न कापता करता येण्यासारखं बरंच आहे. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. गाडी कुठे आहे हे कळणं ही एक, आणि ते तुम्हाला सांगणं ही दुसरी. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यात घालून विकतो.

पहिलीसाठी फोन पुरतो. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल काच, कापड, प्लास्टिक यातून येतो, पत्र्यातून येत नाही. तुमचं छत कापडाचं, म्हणजे तुमच्याइतकं सुखी कुणी नाही. डॅशमधल्या पक्क्या नेव्हिगेशनचा खरा फायदा बोगद्यात. त्याला गुलाबी वायरने गाडीच्या वेगाचे पल्स मिळतात, त्यामुळे उपग्रह दिसेनासे झाले तरी ते हिशोबाने पुढे सरकत राहतं. हायवे १ वर डेव्हिल्स स्लाइडला २०१३मध्ये टॉम लँटोस बोगदे झाले, तिथे फोनचा ठिपका अडखळतो. पण बोगद्यात वळायचं कुठे असतं? अडखळू दे.

दुसरीसाठी तुमच्यापुढे तीन वाटा. सिंगल डिनमधून बाहेर सरकून उभा राहणारा मोटरचा पडदा मिळतो. तो उघडा असताना तुमचं झाकण बंद होणार नाही, आणि उघड्या गाडीतली धूळ त्या मोटरला मानवत नाही. सिंगल डिनचा डबा आणि पुढे तरंगता पडदा असेही येतात, पण मग झाकण कायमचंच गेलं. तिसरी वाट, पडदाच नसलेलं साधं सिंगल डिन, ब्लूटूथ आणि यूएसबीचं. ते झाकणामागे लपतं.

आणि उन्हाचं चकाकणं सोडाच, एक वेगळीच गंमत तपासा. तुम्ही पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणारा गॉगल लावता का? एलसीडीचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो. काही पडदे त्या गॉगलमधून काळेठिक्कर दिसतात. दुकानात गॉगल लावून बघा, लोक हसले तर हसू देत.

मिरजकर_फ्रीमाँट

वायरिंगवाली ताई, आज गॉगल लावून दुकानात गेलो. मोटरवाला पडदा सरळ बघितला तर अर्धा अंधार, मान डावीकडे कलती केली की नकाशा उगवतो. सतारीचे सूर जुळवताना मामा अशीच मान करायचे. घाटात मला तसं जमणार नाही.

पडदा नसलेला डबा घेतला तर नकाशा बघायचा कुठे? काचेवर चिकटवला तर पोलीस पकडतात असं ऐकलंय. सौ. म्हणते इअरफोन घाला.

वायरिंगवाली

दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवायला कॅलिफोर्नियात बंदी आहे. काकूंना सांगा.

काचेचा नियमही लोक अर्धवट सांगतात. चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंची चौकोनात, किंवा चालकापासून लांबच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंची चौकोनात उपकरण लावता येतं. फक्त एअरबॅग उघडते ती जागा सोडून. चालवताना फोन हातात धरायचा नाही, लावलेल्या फोनला एकदा टिचकी किंवा एकदा बोट सरकवणं, एवढंच.

बसवताना: बॅटरीची ऋण तार सोडा आणि निदान ३ मिनिटं थांबा, मगच पॅनेलला हात लावा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्याआधी रेडिओचा ५ आकडी कोड शोधून ठेवा. बॅटरी सुटली की होंडाचा मूळ रेडिओ कोड मागतो, आणि पुढेमागे तो परत बसवायचा झाला तर लागेल. होंडाचं अॅडॉप्टर हार्नेस (तयार जोडवायरींचा जुडगा) आणा, गाडीची एकही वायर कापू नका. नव्या डब्याच्या बाजूला पिवळी म्हणजे कायमची १२ व्होल्ट, लाल किल्लीनंतरची, काळी अर्थिंग, नारिंगी दिव्यांबरोबर मंद होण्यासाठी. ही जोडणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करा, गाडीत वाकून नाही.

स्टीअरिंगच्या डावीकडे आवाजाची बटणं आहेत ना? ती नव्या डब्याशी बोलावीत म्हणून वेगळा छोटा अॅडॉप्टर लागतो. तो विसरू नका, नाहीतर दर वेळी झाकण उघडावं लागेल.

कोथरूड_ते_म्युनिक

थोडं विषयांतर. हाच प्रश्न पोर्शेला इतका छळत होता की त्यांनी २०२० साली जुन्या गाड्यांसाठी स्वतःच सिंगल डिन मापाचं नेव्हिगेशन काढलं. साडेतीन इंची पडदा, दोन बाजूला दोन गोल बटणं, लांबून जुना रेडिओच वाटावा असं. एका ओळखीच्यांच्या गाडीत पाहिलं. सुंदर आहे. पण त्या साडेतीन इंचांत रस्त्याचं नाव वाचायला मला चाळिशी लावावी लागली. सिंगल डिनमध्ये याहून मोठं मावत नाही, त्याला कंपनी तरी काय करणार.

नऊहजारी

मिरजकर, एक विचारायचं राहिलं. टप उघडा असताना तुम्हाला फोनची बाई ऐकू येते का? मला तर पंचावन्नच्या पुढे कधीच आली नाही.

मिरजकर_फ्रीमाँट

तीन आठवड्यांनी लिहितोय. कारण एकच, रेडिओचा कोड. हातमोज्यांच्या कप्प्यात नाही, पुस्तिकेत नाही. रेडिओचा नंबर आणि गाडीचा चासी नंबर देऊन मागवला. आता तो रेडिओच्याच पाठीवर मार्करने लिहून रेडिओ जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय.

नऊहजारींचा प्रश्न वाचला त्या संध्याकाळी गाडी घेऊन हायवे ६८० वर एक चक्कर मारली, टप उघडा. खरंच काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे इतके दिवस मी ती बाई सांगतेय ते ऐकतच नव्हतो, म्हणून दर वळणाला फोनकडे बघत होतो. पडदा लहान आहे ही माझी तक्रारच नव्हती.

मग पडदा नसलेलं साधं सिंगल डिन घेतलं. जोडणी जेवणाच्या टेबलावर केली, सौ.ने विजेरी धरली. एक वायरही कापली नाही. डाव्या दाराचा स्पीकर नवा टाकला, बॅलन्स डावीकडे ढकलला. आता ताशी ६५ला बाईचा आवाज थेट माझ्या मांडीपाशी येतो. डावीकडची बटणं चालतात. झाकण बंद आहे. बघितलं तर काही बदललंय असं कुणाला सांगता येणार नाही.

एक भानगड झाली. ब्लूटूथवर गाणं चालू नसलं की डबा झोपतो, आणि बाई बोलायला लागल्यावर जागा होईपर्यंत पहिला शब्द खातो. 'टर्न' गेलं तर चालतं, पण 'लेफ्ट' गेलं की उरतं नुसतं रस्त्याचं नाव. पेस्कादेरोला यामुळे एकदा थेट एका शेतकऱ्याच्या फाटकात गेलो. आता फोन तारेने यूएसबीला जोडतो. शब्द पूर्ण येतात.

फोन काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, स्क्रूने आवळायच्या पकडीत. ८४च्या त्याच उजव्या वळणावर मुद्दाम जोरात गेलो. हलला नाही. ती यूएसबीची तार मात्र स्टीअरिंगखालून लोंबते आहे. ती कुठून न्यायची हे या रविवारी बघणार, म्हणजे पॅनेल पुन्हा उघडणं आलं, आणि बॅटरी सोडून तीन मिनिटं बसणंही आलं.

वायरिंगवाली

वा काका! तार दाराच्या कडेच्या पट्टीखालून न्या, पण पेडलच्या बाजूने अजिबात नाही. क्लचखाली आता तार यायला नको.

बापू_डेट्रॉइट

फोटो टाका. टेबलाचाही.