स्लीव्ह ऑपरेशन: वय ५८, इन्सुलिन चालू. वजन नेमकं किती उतरेल?

गवतीचहा
आईचं बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याचं) ऑपरेशन ठरतंय, स्लीव्ह प्रकारचं: जठराचा मोठा भाग काढून निमुळती नळी ठेवतात. वय ५८, उंची १५२ सेंमी, वजन ९८ किलो. मधुमेहाला १४ वर्षं झाली. इन्सुलिन, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन चालू. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम. पूर्ण शाकाहारी. सर्जन म्हणतात, "स्लीव्हने ६० टक्के वजन जाईल." म्हणजे ३९ किलो उरणार? आणि इन्सुलिन सुटेल का?

पोटशल्य
३९ नाही हो! ६० टक्के जातात ते जादा वजनातले. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ धरला तर त्यांचं वजन ५८ यायला हवं, म्हणजे जादा ४० किलो. त्यातले ६० टक्के म्हणजे २४, आणि वर्षाने काटा ७४ वर. एकूण वजनाच्या हिशोबात हीच घट साधारण २५ टक्के. सर्जनने हा दुसरा आकडा सांगितला असता तर घोळच झाला नसता.

पण २४ ही सगळ्या रुग्णांची सरासरी. इन्सुलिनवर असलेल्यांचं वजन त्याहून कमी उतरतं. इन्सुलिन चरबी साठवायला लावतं, आणि साखर खाली गेली की गोड खाऊन सावरावं लागतं. वयाचाही थोडा फरक पडतो. मी २० किलोच्या आसपास धरेन. पुढे थोडं परतही येतं: फिनलंडच्या 'स्लीव्हपास' चाचणीत ५ वर्षांनी जादा वजनातली घट स्लीव्हला ४९ टक्के होती, बायपासला (जठर लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) ५७.

साखरेसाठी 'डायारेम' गुण मोजा, ऑपरेशननंतर मधुमेह मागे हटेल का याचा अंदाज देणारे. वय ५० ते ५९ ला २, एचबीए१सी ७ ते ८.९ ला ४, इन्सुलिनला १०. झाले १६. कमाल २२, आणि जितके जास्त तितकं वाईट. १३ ते १७ च्या गटात मधुमेह मागे हटण्याचं प्रमाण ११ ते ३३ टक्के, तेही बायपास झालेल्या अमेरिकन रुग्णांत. गंमत म्हणजे या मोजणीत वजन कुठेच नाही. इन्सुलिनची युनिटं बरीच कमी होतील, पूर्ण सुटेल असं धरू नका. छातीत जळजळ होत असेल तर आधी एंडोस्कोपी करून घ्या. स्लीव्हने ती वाढू शकते, मग बायपासचा विचार होतो.

औषधपेटी
डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद हवं. उपाशीपोटी ते चालू राहिलं तर साखर १६० दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी घातक आम्लं) चढतात, आणि ग्लुकोमीटरवर भरवसा ठेवणारा फसतो. खरं तर आधीच्या २ आठवड्यांचा ८०० ते १००० कॅलरीचा आहार (यकृत आक्रसावं म्हणून देतात) सुरू होतानाच ते थांबवायचं का, हे विचारा. त्याच दिवशी इन्सुलिनचा डोसही डॉक्टरांकडून कमी करून घ्या, नाहीतर साखर धाडकन खाली येते.

डोळ्यांचा पडदा आधी तपासा. साखर झपाट्याने उतरली की जुना रेटिनाचा त्रास उफाळू शकतो.

थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत ४ तास, कॅल्शियम आणि लोह यांत २ तास. कॅल्शियम सायट्रेट घ्या, एका वेळी ५०० मिग्रॅ.

गवतीचहा
प्रथिनांचं काय? अंडंही चालत नाही. आणि विमा?

ताकभात
दिवसाला किमान ६० ग्रॅम. आपलं पातळ वरण वाटीभर प्यायलं तरी ४-५ ग्रॅमच मिळतात, आणि एवढ्याशा पोटात मग दुसरं काही मावत नाही. १०० ग्रॅम पनीर १८, सोया वड्या कोरड्या ५० ग्रॅम २५ च्या आसपास, व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांची पूड) एक चमचा (डब्यातला) २० ते २५. पहिले २ आठवडे पातळच, म्हणून भार व्हेवर. आधी प्रथिनं, भात शेवटी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट. बी१२ आयुष्यभर. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू देऊ नका, आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व). नाहीतर मेंदूवर परिणाम होतो.

विम्यात आयआरडीएआयच्या (विमा नियामक संस्था) नियमाने बीएमआय ४० किंवा जास्त लागतो. ३५ पासून चालतो, पण अनियंत्रित मधुमेहासारखा आजार सिद्ध करावा लागतो. आईंचा आज ४२ आहे. ऑपरेशनआधीच्या त्या कमी कॅलरीच्या आहाराने ६ किलो उतरले की ३९.८! म्हणून पूर्वमंजुरीच्या अर्जात आहार सुरू होण्याआधीचं वजन, अनवाणी मोजलेली उंची आणि तारीख डॉक्टरांच्या सहीने घाला.