मोगऱ्याच्या गजऱ्याला सकाळी येणारा दर्प आणि इंडोल

रंकाळाकाठी:
काल संध्याकाळी महाद्वार रोडवर मोगऱ्याचा गजरा घेतला आणि रात्री तो स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवला. सकाळी झाकण उघडले, तर सुगंधाच्या जागी डांबरगोळ्यांसारखा आणि काहीसा गोठ्याची आठवण करून देणारा दर्प आला. एम.एस्सी. करणारा माझा भाचा म्हणतो की हे इंडोल असून तेच विष्ठेतही असते. यात तथ्य आहे, की मावशीची चेष्टा चालली आहे?

निवृत्त शिक्षक:
भाचा खरे बोलतो आहे. बेंझिनच्या षट्कोनी कड्याला पायरोलचे, म्हणजे एक नायट्रोजन असलेले, पंचकोनी कडे जोडलेले असले की इंडोल हे संयुग होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८६६ मध्ये निळीवर काम करताना ऑक्सिइंडोल जस्ताच्या भुकटीबरोबर तापवून ते मिळवले, म्हणून नावातही नीळ, म्हणजे इंडिगो, राहिली. त्यातील नायट्रोजनची इलेक्ट्रॉन-जोडी कड्याच्या अ‍ॅरोमॅटिक रचनेत, म्हणजे कड्यावर इलेक्ट्रॉन पसरलेल्या स्थिर रचनेत, गुंतलेली असल्याने ते अमाइन या इतर नायट्रोजनयुक्त संयुगांप्रमाणे आम्लारीसारखे वागत नाही. (अ‍ॅरोमॅटिक या शब्दाचा येथे वासाशी संबंध नाही, विद्यार्थी दरवर्षी फसत.) वासाचे म्हणाल, तर सगळा खेळ प्रमाणाचा आहे. अत्यल्प इंडोल फुलासारखे वाटते, तेच दाट झाले की नकोसे होते. मोगऱ्यातील लिनॅलूल, बेंझिल अ‍ॅसिटेट यांसारखे सुगंधी घटक लवकर उडतात. इंडोलचा उत्कलनबिंदू मात्र सुमारे २५४ अंश सेल्सिअस असल्याने ते मागे रेंगाळते. बंद डब्यात फुले कुजू लागली असतील, तर त्याचीही भर पडली असणार.

लॅबवाला:
विष्ठेचा भाग आमच्याकडचा. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करून इंडोल तयार करतो. या जिवाणूची ओळख पटवण्यासाठी पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात वाढवलेल्या जिवाणूंवर इंडोल ओळखणाऱ्या कोव्हॅक्स अभिकर्मकाचे (रसायनाचे) काही थेंब टाकतो आणि वर चेरीसारखे लाल कडे उमटले की चाचणी पॉझिटिव्ह धरतो. मात्र विष्ठेच्या वासाला एकटे इंडोल जबाबदार नाही. त्याचाच मिथिल भाऊ स्कॅटोल आणि गंधकयुक्त संयुगेही त्यात असतात.

रोपवाटिका, करवीर:
गुलाबाची फांदी लावण्यापूर्वी तिचे टोक ज्या पांढऱ्या पावडरीत बुडवतात, तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते. वनस्पतीच्या स्वतःच्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा, म्हणजे इंडोल अ‍ॅसेटिक आम्लाचा, हा जवळचा नातलग असून त्यामुळे मुळे लवकर फुटतात. पावडर चिमूटभरच लावावी. जास्त झाली तर फांदीचे टोक काळे पडते. तिला मोगऱ्याचा वास मात्र येत नाही, हे मावशींना आधीच सांगून ठेवतो.