लाहौलचा जंगली कांदा: सुकलेल्या नमुन्यावरून जात कशी ठरवायची?

माळरान_सोलापूर:
कॉलेजच्या संग्रहात हिमाचलमधल्या लाहौलचा एक दाबलेला नमुना आहे. चिठ्ठीवर एवढंच: ऑगस्ट, 3,800 मीटर, कोरडा दगडाळ उतार, फुलं गुलाबी. पुढे 'अ‍ॅलियम', म्हणजे कांदा-लसणाची प्रजाती, आणि जातीची जागा कोरी. पात चपटी आहे, म्हणून अ‍ॅलियम कॅरोलिनियानम लिहू का?

डेंगळा:
थांबा. दाबल्यावर गोल पातही चपटीच दिसते, सगळे इथेच फसतात. आधी गड्ड्याची साल भिंगाखाली बघा. कॅरोलिनियानमची साल तपकिरी, चिवट, कागदासारखी. लालसर तंतूंची जाळी दिसली, तर अ‍ॅलियम प्रझेवाल्स्कियानमकडे वळा. त्याची पात बारीक, गोलसर.

मग एकच फूल गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा आणि सुईने उघडा. आतले तीन पुंकेसर बुडाशी रुंद असून दोन्ही बाजूंना एकेक दात (दातासारखं टोक) असेल, तर प्रझेवाल्स्कियानम. ओढून काढलंत की दात तुटतो, मग काही कळत नाही. पातीचा तुकडाही भिजवा, फुगल्यावर आडवा काप घ्या.

हुरडा_पार्टी:
हा म्हणजे नान्नजच्या माळावरचा रानकांदाच ना?

डेंगळा:
नाही हो. तो कोलकांदा. त्याची फुलं दांड्यावर एकावर एक लागतात, कांद्यासारखा टोकाला गोंडा नसतो. पात चुरगळली तरी कांद्याचा वास येत नाही. आणि तो विषारी आहे, चव बघू नका.

वनस्पती_ताई:
अ‍ॅलियम वॉलिचीही तपासा. त्याचा दांडा तीन धारांचा, फुलं चांदणीसारखी पसरट, गडद जांभळी. पण ते ओलसर कुरणातलं झाड, तुमच्या उताराशी जुळत नाही.

पुढच्या वेळी गड्डा उभा चिरून उकळत्या पाण्यात बुडवा, मगच दाबा. नाहीतर तो कागदातही जिवंत राहून कोंब काढतो, नमुना सडतो. पहिले चार दिवस कागद रोज बदला. पातीचा आडवा काप आणि फुलाचा रंग जागेवरच टिपून ठेवा, रंग उडतो.

माळरान_सोलापूर:
ताई, कोंब आलेलाच आहे, दोन इंच! सालीवर लाल जाळी स्पष्ट दिसते. पहिल्या फुलाचा दात तुटला, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना दिसले. चिठ्ठीवर प्रझेवाल्स्कियानम लिहितोय.