नव्या गायकाने जुन्या गाण्याचे शब्द स्वतःपुरते बदलावेत का?

कासारवडवलीकर (ठाणे)

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलात कोजागरीला मसाला दूध झाले की हौशी मंडळी गातात. यंदा माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याने गिटारवर ‘फास्ट कार’ म्हटले. हे गाणे ट्रेसी चॅपमनचे, १९८८ सालचे. पण भाच्यापर्यंत ते ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये गायले तेव्हा पोहोचले. गाण्यातली निवेदिका आपण दुकानात गल्ल्यावर काम करणारी मुलगी असल्याचे सांगते. कोम्ब्स हा चांगला दाढीवाला, धिप्पाड कंट्री (अमेरिकेतील ग्रामीण ढंगाच्या संगीताचा) गायक, तरी त्याने तो ‘मुलगी’ शब्द तसाच ठेवला आहे. भाच्यानेही ठेवला, आणि इंग्रजी कळणाऱ्या श्रोत्यांत हशा पिकला. एका ज्येष्ठ सभासदांनी त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितले की, गाणाऱ्याने शब्द आपल्या अंगाला बेतून घ्यावेत. भाच्याचे म्हणणे असे की, शब्द बदलला तर ते गाणेच उरत नाही. दुसरीकडे बियॉन्सेने २०२४ मध्ये डॉली पार्टनचे ‘जोलीन’ गाताना विनवणीच्या जागी चक्क ताकीद आणली, आणि तिचेही कौतुक झाले. मग कसोटी कोणती धरावी? जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशीची श्रोती

माझ्या मते शब्द बदलला की नाही, यापेक्षा तो बदलल्याने गाण्याची मूळ अडचण शिल्लक राहिली की नाही, हे पाहावे. ‘जोलीन’ या १९७३ च्या गाण्याचा सारा जीव बोलणारीच्या असहायतेत आहे. आपला नवरा दुसरीने नुसते मनात आणले तरी जाईल हे तिला पक्के ठाऊक आहे, म्हणून ती प्रतिस्पर्धी स्त्रीलाच गळ घालते. बियॉन्सेची नायिका धमकावते. तिचा आवाज, तिचा ठसका हे सगळे मान्य करूनही मला वाटते की, जिला इतका आत्मविश्वास आहे तिला हे गाणे म्हणण्याची गरजच काय? (त्या अल्बममध्ये या गाण्याच्या आधी खुद्द डॉली बोलताना ऐकू येते, त्यामुळे तिची हरकत नसावी. माझी आहे.)

याच्या अगदी उलट उदाहरण ‘रिस्पेक्ट’चे आहे. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये ते गायले तेव्हा कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागत होता. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने तेच मागणे स्त्रीच्या तोंडी घातले, त्या शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून म्हटले, आणि आज ते रेडिंगचे होते हे आठवण करून द्यावे लागते. तिनेही भर घातली, फेरफार केले. परंतु मागणाऱ्याची निकड कमी झाली नाही, उलट वाढली. कोम्ब्सने काहीच न बदलता ती निकड जपली. आपल्या भाच्याने योग्य तेच केले.

नौपाड्याचा रसिक

वरील चर्चा इंग्रजी गाण्यांपुरती ठीक आहे, पण आपल्या भाषेत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. इंग्रजीतला ‘मी’ स्वतःचे लिंग सांगत नाही. मराठीत ‘गेले’ आणि ‘गेलो’ यांतून ते क्रियापदच सांगून टाकते. त्यामुळे इंग्रजी गायकाला एखादाच शब्द अडतो, आपल्याकडे ओळीओळीला अडखळावे लागते. शिवाय यमकाचे काय? एका ओळीच्या शेवटी ‘मन भरून आले’ असेल आणि दुसरीच्या शेवटी ‘मी हरवून गेले’, तर पुरुष गायकाने ‘गेलो’ म्हणताच यमक तुटते. ‘आले’ तर बदलता येत नाही, कारण मन नपुंसकलिंगीच राहणार.

तरीही आपल्या परंपरेने ही अडचण फार मनावर घेतली नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी स्त्रीच्या तोंडच्या आहेत आणि शतकानुशतके पुरुषांनी त्या तशाच म्हटल्या. बालगंधर्व नायिकांची पदे गात होते तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकत नव्हता. आपल्या संकुलातील हशा हा शब्दाचा दोष नसून सवय मोडल्याचा परिणाम आहे.

बेलापूरचा वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ती नेमकी याच प्रश्नाशी येऊन भिडते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१क समाविष्ट झाले (इंग्रजी प्रतीत ते ‘३१सी’ असे शोधावे). त्यानुसार, मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे उलटल्यावर, हक्कधारकाला सूचना देऊन आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरून कोणालाही नवी आवृत्ती काढता येते. मात्र तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला फेरफार पूर्वी हक्कधारकाने केलेला किंवा त्याच्या संमतीने झालेला नसेल, तर या परवान्याखाली तो चालत नाही. म्हणजे ‘गेले’चे ‘गेलो’ करायचे तर संमती घ्यावी लागेल, असा वाद नक्कीच घालता येईल. मी तो आनंदाने घालेन.

हेच कलम वेष्टनावर मूळ कलाकाराचे नाव किंवा चित्र वापरून दिशाभूल करण्यासही मनाई करते. ज्यांनी कॅसेटच्या काळात आवडत्या गायकाचा फोटो पाहून कॅसेट घरी आणली आणि आतून भलताच आवाज ऐकला, त्यांना या तरतुदीचे मोल कळेल. मी त्यांपैकी एक आहे.

हक्कधारक आणि निर्माता कलावंत ही मात्र बहुधा वेगवेगळी माणसे असतात. ‘मसकली’ या हिंदी चित्रपटगीताची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली तेव्हा मूळ संगीतकार रहमान आणि गीतकार प्रसून जोशी या दोघांनीही जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. संमती कोणाची, हा खरा कळीचा मुद्दा आहे. भाच्याने मात्र निश्चिंत राहावे; हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे.

कासारवडवलीकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सारे भाच्याला वाचून दाखवले. शब्द बदलायचा नाही, पण पुढच्या वेळी गाण्याआधी त्या मुलीची हकिकत दोन वाक्यांत सांगायची, असे त्याने ठरवले आहे. ज्येष्ठ सभासदही थोडे नरमले. मात्र पुढच्या कोजागरीला त्याने एक मराठी भावगीत म्हणावे, अशी त्यांनी अट घातली आहे. गाणे त्यांनीच निवडून दिले. घरी आल्यावर आम्ही शब्द पाहिले, तर त्यातले प्रत्येक क्रियापद स्त्रीलिंगी निघाले.