मदत हवी आहे: अकाउंट्समधून डेटा अ‍ॅनालिसिसकडे जायचंय, अर्ज करायला मन धजत नाही

अकाउंट्समध्ये 11 वर्षं झाली. ‘कोडिंग आपलं काम नाही’ हे मीच ठरवून टाकलं होतं. गेले 8 महिने रोज पहाटे तासभर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकतेय. त्यातलं जॉइन (तक्ते जोडणं), ग्रुप बाय (गटवार हिशोब) सहज जमतं, विंडो फंक्शन्ससारखा पुढचा भागही. एक्सेलमध्ये अर्धा दिवस खाणारा ताळमेळ एका क्वेरीत बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही नुकतीच सुरू केलीय.

अजून एकही अर्ज केलेला नाही. जाहिरातीतली एक अट कमी पडली की मागे फिरते. सध्याच्या कंपनीत असा विभाग नाही, विचारून झालं. नोकरी सोडून कोर्स शक्य नाही. पगार थोडा घटला तर चालेल.

असा बदल केलेल्यांनी सांगा: पायथन पक्कं होईपर्यंत थांबू की आत्ताच अर्ज करू? आणि ऑफिसचा डेटा बाहेर दाखवता येत नसताना प्रोजेक्ट म्हणून तुम्ही काय दाखवलंत?