बारावी पीसीएम: दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास करू की दाखले काढू?

केळीच्या_बागेतून:
नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), स्टेट बोर्ड. गाव करमाळा तालुक्यात, जेऊरच्या पुढे. क्लास लावलेला नाही, मोबाईलवर लेक्चर बघते आणि बालभारतीची पुस्तकं वाचते. इंजिनिअरिंगला जायचंय, कॉम्प्युटर मिळालं तर उत्तम, नाहीतर ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स). पुण्यात.

आम्ही ओबीसी. जातीचा दाखला दहावीतच काढलाय. व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला) आणि नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) बाकी आहे. पप्पा म्हणतात, "आधी निकाल लागू दे, मग बघू, कागद काय पळून जातात का!" वर्गातल्या दोघीतिघी मात्र आत्तापासूनच तहसीलच्या चकरा मारतायत. सुट्टीत मला अकरावीचं फिजिक्स परत काढायचंय, ते पार विसरलेय. ते करू की दाखल्यांच्या मागे लागू? आणि जेईईचा, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायचा का? सर भर म्हणतात, पण तयारी फक्त राज्याच्या सीईटीची आहे.

सेकंड_इयर_मेकॅनिकल:
फॉर्म भर, जानेवारीचा पेपर दे, पण त्यासाठी वेगळी पुस्तकं आणू नको. कॉम्प्युटरवर पेपर द्यायची सवय होते, तेवढा फायदा पुरे.

सीईटीत १५० प्रश्न, २०० मार्क. पहिले ९० मिनिट फिजिक्स आणि केमिस्ट्री, ते संपल्याशिवाय मॅथ्स उघडत नाही. मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, म्हणजे अर्धा पेपर तिथेच. निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अकरावीचा भाग साधारण २० टक्के. तो सोडू नको, पण सगळी सुट्टी त्यात घालवू नको. तुझं मॅथ्स कसं आहे ते लिहिलंच नाहीस!

दुसरं म्हणजे पुण्याचं. तू बारावी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत करतेयस, म्हणजे पुण्याच्या कॉलेजांत तू बाहेरची. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ असतात, त्यात प्रत्येक रकान्यावर कोड असतो. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. सुरुवातीला एल म्हणजे मुलींच्या जागा, जी म्हणजे जनरल. पुण्याच्या कॉलेजला तू 'एलओबीसीओ' आणि 'एलओबीसीएस' हे रकाने बघायचे. पोरं 'जीओपनएच' बघतात आणि उगाच घाबरतात, नाहीतर उगाच खूश होतात.

सेतू_आणि_झेरॉक्स:
ताई, मी सेवा केंद्र चालवतो, जून-जुलैत माझ्या दारात काय गर्दी असते ते मला विचार. पप्पांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की कागद पळत नाहीत, पण चालतही नाहीत. आपणच त्यांना ढकलायचं असतं.

व्हॅलिडिटी आत्ता. आजच म्हटलं तरी चालेल. ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याला कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा १५-अ नमुना लागतो. सुट्टी लागली की ऑफिस बंद, म्हणून तो सुट्टीआधी घेऊन ठेव. सोबत दोन शपथपत्रं, नमुना ३ आणि नमुना १७. नमुना ३ वर वंशावळ येते. ती आजोबांना किंवा चुलत्यांना शेजारी बसवून लिहायची, अंदाजाने नाही.

खरं काम पुढे आहे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या झेडपी शाळेतून त्यांचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. गेले नसतील तर तहसीलमधून जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात ते. ती वही उघडताना पानाचे तुकडे हातात येतात, त्यामुळे क्लार्क नको म्हणतो, तरी गोड बोलून बसायचं. जुनी नोंद मोडी लिपीत निघाली तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्याला वेळ धरा. परवा एकांच्या उताऱ्यात आजोबा 'गणपत', वडिलांच्या दाखल्यावर 'गणपती'. सोलापूरच्या जात पडताळणी समितीने त्यावर त्रुटी काढली. मग तीच व्यक्ती असल्याचं शपथपत्र, परत सोलापूर.

घरात वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर काम बरंच हलकं होतं. आईकडची चालत नाही. हे आधी विचार, मग उताऱ्यांच्या मागे लाग.

आता नॉन-क्रिमीलेयर. हे मात्र आत्ता घाईने काढू नको! त्याची मुदत ३१ मार्चला संपते. एकाच वर्षाच्या उत्पन्नावर आज काढलंस तर जूनमध्ये तो कागद कुणी हातात धरणार नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडून तीन वर्षांचं मिळत असेल तर आत्ता काढ, नाहीतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलमध्ये तलाठ्याकडे गर्दी नसते. निकालानंतर असते, आणि तेव्हा सर्व्हर पण झोपतो.

डोमिसाइल (रहिवासी दाखला) मात्र कधीही काढ. आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच बघ, आईच्या आधारवरचं तिचं नावसुद्धा.

निवृत्त_बाई:
सेतूवाल्यांनी फार मुद्द्याचं लिहिलंय. मी एकच भर घालते. या मुलीला फीची चिंता असेल, तिने लिहिली नाही तरी. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. हॉस्टेल, मेस त्यात येत नाही, पुण्यात खरा खर्च तोच. म्हणजे उत्पन्नाचा दाखलाही यादीत घ्या.

आणि बोर्डाला अगदीच सोडू नकोस गं. राखीव गटाला पीसीएममध्ये ४० टक्के लागतातच, ते तुला सहज पडतील. पण फिजिक्स, केमिस्ट्रीचे प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात आणि मुली जर्नल जानेवारीपर्यंत अर्धवट ठेवतात. सुट्टीत जर्नल पूर्ण कर, डोक्याला त्रास नाही.

सेकंड_इयर_मेकॅनिकल:
बाईंचं बरोबर आहे. ऑप्शन फॉर्मचं राहिलं होतं, ते लिहितो. कॉलेजांचा क्रम आवडीचा लाव, "हे मिळेल, ते मिळणार नाही" असा हिशोब करून नाही. वरचं नाही लागलं म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. मात्र एक नंबरला टाकलेलं पहिल्याच फेरीत लागलं तर ते पक्कं धरतात, पुढच्या फेरीत उभं राहता येत नाही. म्हणून घरच्यांच्या आग्रहाने एक नंबरवर भलतंच काही टाकू नको. आमच्या रूमवर एक असा आहे, त्याला अजून ब्रँच आवडत नाही.

केळीच्या_बागेतून:
सगळ्यांना थँक्यू. मॅथ्स बरं आहे, इंटिग्रेशनला वेळ लागतो एवढंच. आधार बघितलं, आईच्या आधारवर तिच्या नावात फरक निघाला, तिथे 'सुनिता' आणि मार्कशीटवर 'सुनीता'. पप्पांना सेतूवाले दादांचा मेसेज वाचून दाखवला. हसले आणि म्हणाले सोमवारी जाऊ.

दादा, माझ्या सख्ख्या आत्याची व्हॅलिडिटी झालेली आहे, ती नर्सिंगला होती. पण तिचं लग्न झालंय, आडनाव बदललंय. ती चालेल का?

सेतू_आणि_झेरॉक्स:
पप्पांची सख्खी बहीण म्हणजे वडिलांकडचंच रक्त, जोडायचीच. तिच्या व्हॅलिडिटीवर माहेरचं नाव असणार. त्याची प्रत घे, तिचा शाळा सोडल्याचा दाखला घे आणि वंशावळीत पप्पांच्या शेजारी तिचं नाव माहेरच्या आडनावाने लिही, कंसात सासरचं. आजोबांचा उतारा तरीपण काढून ठेव, समिती मागू शकते. आधारमधलं आईचं नाव सोमवारीच दुरुस्तीला टाका, आईला सोबत न्या, अंगठा त्यांचाच लागतो.