मदत हवी आहे: स्काऊटच्या मुलांना रेडिओवर आणि इंटरनेटवर बोलायला कसं शिकवावं? (जोटा-जोटी)

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. स्काऊट-गाईड पथकही माझ्याकडेच आहे, मुलं-मुली सहावी ते नववीतली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरचे स्काऊट हॅम रेडिओवर (परवाना घेऊन हौसेने चालवतात तो रेडिओ) आणि इंटरनेटवर एकमेकांशी गप्पा मारतात. रेडिओची जोटा १९५८ पासून चालू आहे, इंटरनेटची जोटी नव्वदच्या दशकात तिला जोडली गेली. यंदा आमच्या पथकाने उतरावं असं मनात आहे. सहामाही परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते, पण मुख्याध्यापकांना पटवेन.

शेजारच्या गावातले एक हॅम, म्हणजे असा हौशी रेडिओवाला, स्वतःचा सेट घेऊन यायला तयार आहेत. पण अशा कार्यक्रमांत काय होतं, माहीत आहे ना? काका तासभर परदेशातल्या मित्राशी बोलतात आणि पोरं सतरंजीवर बसून जांभया देतात. मला पोरांनी बोलायला हवंय. म्हणून प्रश्न:

आधीच्या महिनाभरात रेडिओशिवाय काय शिकवता येईल? शिट्टीचे आणि हाताचे इशारे त्यांना येतात, पण माईक समोर आला की बोबडी वळते, त्यातून इंग्रजी.

परवानाधारक शेजारी असताना मुलाने माईकवर बोललेलं आपल्याकडे चालतं का?

ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसतात. सरावासाठी दोन घेऊ का?

आणि जो मला खरोखर अडतोय तो: रेडिओवर आपण नाव-गाव सांगतो, तेही सगळ्या जगाला ऐकू जाईल असं. इंटरनेटवर मात्र आम्हीच बजावतो, अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही एकाच दिवशी कसं समजवायचं?

प्रतिसाद

सर, मी हॅम आहे. आधी वॉकीटॉकीचं: घेऊ नका. आपल्याकडे विनापरवाना चालणारा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, तोही सेटला सरकारी मान्यता असेल तरच. स्वस्तातले बरेच सेट त्याबाहेरही बोलतात, आणि तिथे परवाना लागतो.

माईकबद्दल इथल्या कुणाच्या "चालतं हो" वर जाऊ नका, माझ्याही नाही. परवाना त्या काकांचा, जबाबदारीही त्यांची. त्यांना डब्ल्यूपीसीकडे (रेडिओचे परवाने देणारा केंद्र सरकारचा विभाग) लेखी विचारायला सांगा, आणि आत्ताच, कारण उत्तराला वेळ लागतो.

सरावाला भिंत पुरते. एक मूल अलीकडे, एक पलीकडे, बोलून झालं की "ओव्हर", आणि ते ऐकू येईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. पोरांना हे सगळ्यात जड जातं. मग नावाची स्पेलिंग, प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द: प्रज्ञा असेल तर पापा, रोमिओ, अल्फा, डेल्टा, नोव्हेंबर, यँकी, अल्फा. आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ होतील आणि इंग्रजीची भीतीही मोडेल, कारण पहिल्या भेटीत लागतात ती वाक्यं चार-पाचच: नाव, गाव, वय, हवामान आणि "फाईव्ह नाईन". त्यातला पाच म्हणजे शब्द किती स्पष्ट कळतात आणि नऊ म्हणजे सिग्नल किती जोरदार. पोरांना खरा आकडा द्यायला शिकवा, आम्ही मोठे सगळ्यांनाच फाईव्ह नाईन देऊन टाकतो.

ऐकायला नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये चालतो. स्काऊटांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी १४.२९० आणि ७.०९० मेगाहर्ट्झ आधीच लावून ठेवा.

प्रतिसाद

आमच्या मुलीने जोटीत भाग घेतला होता, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहिते. विरोध वाटतो तेवढा नाही. रेडिओवर समोरच्याला स्वतःचा कॉलसाईन (परवान्यासोबत मिळालेली ओळखखूण) सांगावाच लागतो, तो कुणाचा हे शोधता येतं, आणि बोलणं उघड्यावर असतं. इंटरनेटवर कुणीही कुणीही होऊ शकतं आणि गप्पांना बंद खोली मिळते. म्हणून मुलांना नाव-गावाच्या याद्या देण्यापेक्षा एकच गोष्ट सांगा: कुणी "आपण वेगळं बोलूया" किंवा "घरी सांगू नकोस" म्हणालं, की स्क्रीन तशीच ठेवून सरांना हाक मारायची. फोन बंद करायचा नाही, तुम्ही बघायला हवं. नाव दोन्हीकडे फक्त पहिलं, गावाच्या जागी जिल्हा. शाळेचं नाव कुठेच नाही. जागतिक स्काऊट संघटनेचा 'बी सेफ ऑनलाइन' हा छोटा अभ्यासक्रम आधी करून घ्या आणि पालकांची लेखी संमती घ्या. अभ्यासक्रम सर्वांत आधी तुम्ही स्वतः करा.

प्रतिसाद

बारा पूर्ण झालेल्यांना हॅमच्या परवान्यासाठी डब्ल्यूपीसीची परीक्षा देता येते, त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. आठवी-नववीतल्या दोघा-तिघांना बसवा. अर्ज सरकारच्या सरल संचार पोर्टलवर. या ऑक्टोबरला जमणार नाही, पण पुढच्या वेळी तुम्हाला काकांची वाट बघावी लागणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वॉकीटॉकी रद्द, भिंतीचा खेळ सोमवारपासून. परीक्षेचं नववीतल्या दोघींना विचारलं, एक तयार आहे, दुसरीच्या वडिलांना भेटायचंय. हॅम सरांना आणखी एक विचारतो: ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (तारेच्या साध्या अँटेनाला) साधारण वीस मीटर तार लागते म्हणतात. आमच्या गच्चीपासून मैदानातल्या लिंबापर्यंत तेवढं अंतर आहे, पण मधून विजेची तार जाते. तिच्यापासून किती लांब राहू, की जागाच बदलू?

प्रतिसाद

जागाच बदला. विजेच्या तारेवरून, खालून किंवा जवळून अँटेना न्यायचीच नाही, अंतर मोजत बसू नका. १४ मेगाहर्ट्झची दहा मीटरमध्ये बसते, ती मैदानाच्या दुसऱ्या बाजूला टांगा.